दुसऱ्या किकला

मुंजाजी बोरीहून आला तेव्हा
ऊन पत्र्यावर चढलं होतं.
फोनवर तीनदा म्हणाला होता, “यायलो सर, यायलो,”
आणि खरंच आला, सांगितल्या वेळेला,
सोबत आई.

गाडीभोवती एकदा फिरला.
टायरला लाथ मारली नाही.
काही जण मारतात.
परवा नांदेडहून आलेल्यानं मारली
आणि वर माझ्याकडे पाहून हसला.
त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.
नाही, विचारलं. पाणी विचारावंच लागतं.

“एक चक्कर मारून पाहू का, सर?”
चावी घेता घेता त्यानं खिसे चाचपले.
तारण ठेवावं असं काय असतं माणसाजवळ?
मोबाइल रस्त्यात लागणार,
आधार कार्ड घरी.
“आई बसती की इथं,” तो म्हणाला
आणि आई खरंच बसली ओट्यावर
पदर सावरून,
बँकेत गहाण ठेवलेल्या पाटल्यांसारखी, गुमान.

चहा आला.
मी पाऊसपाणी विचारलं, सोयाबीन विचारलं,
सुनेचं कितवं बाळंतपण तेही विचारलं.
पैशाचं विचारायचं नसतं.
तीच बशीत फुंकर घालत म्हणाली,
“बावीस आणल्यात बघा मोजून.
बोलताना अठराच बोलणार हाय त्यो.”
आणि बशी ओठापाशीच थांबली.
समोर लिंबाचं झाड होतं.
मी ते बघत राहिलो,
पंधरा वर्षांत पहिल्यांदाच इतकं नीट.

तेवढ्यात तो परतला, घामेजलेला, खूश.
माझी धाकटी पळत त्याच्यापाशी,
“काका, ती पहिल्या किकला कधीच सुरू होत नाही,
दुसऱ्या किकला होते.
तुम्ही येणार म्हणून पप्पांनी
सकाळीच तापवून ठेवलीय.”

मुंजाजी खाली वाकला
आणि चेनला तेल आहे का ते पाहू लागला.
बराच वेळ पाहत होता.

“अठरा देतो, सर.”
“मी तेवीस सांगितलेत.”
“सांगितलेत. पण सीट फाटलीय.”
सीटचंच बोलला.
किकचं काढलं नाही.
मग मीही तेवीसवरनं थेट एकवीसवर आलो,
मधला आकडा
वाटेतल्या सापासारखा ओलांडून.
नंबरप्लेटवर एमएच बावीस लिहिलेलं,
तिकडं दोघांनीही पाहिलं नाही.
तो एकोणीस म्हणाला. मी साडेवीस.
वीसला तुटलं.
त्यानं आईकडे पाहिलं नाही,
मी धाकटीकडे.

नोटा मी त्याच्यासमोरच मोजल्या.
माघारी मोजण्यात त्याचा अपमान असतो.
शंभर परत दिले, नारळाला.
आरसी दिली, विम्याचा कागद, दुसरी चावी,
सीटखालचा पाना, गाडी पुसायचं फडकंसुद्धा.
चावी फिरवून दाखवताना काटा दिसला.
मी दिली तेव्हा लाल रेघेवर होता,
आता चांगला वर.
गाडी त्याची झालीही नव्हती तेव्हाचं पेट्रोल.
तो काही बोलला नाही,
म्हणून मीही नाही.

दिवाळीच्या आधी जिंतूरला गेलो होतो.
रसवंतीपाशी उभा, तर समोर ती.
सीटला लाल कव्हर, आरशांना गोंडे,
टाकी माझ्याकडे कधी नव्हती इतकी पुसलेली.
विकल्या गाडीला हाक मारू नये.
घेणाऱ्याला वाटतं, काही राहिलं होतं का द्यायचं?
आणि आपल्याला भीती,
आता हा किकचं काढतोय की काय.
म्हातारी मागं बसलेली.
तिनं मला पाहिलं,
पदर सारखा केला
आणि कुठल्याशा दुकानाची पाटी वाचू लागली,
वाचता येत नसावं तरी.

मुंजाजीनं पहिली किक मारली.
काही नाही.

रस्त्याच्या अलीकडे, हातात रसाचा ग्लास,
माझा उजवा पाय
चपलेसकट वर उचलला गेला.